ओपल घेताय? आधी तो पाणी पितो का ते विचारा

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर किंवा साताऱ्याच्या मोती चौकात ओपल मागायला येणारी बरीच माणसं पत्रिका पाहूनच आलेली असतात. शुक्राचा खडा, हिरा परवडत नाही म्हणून ओपल, चांदीत, अमुक रत्ती. काहींना मात्र खड्यात खेळणाऱ्या रंगांचीच भूल पडलेली असते. कारण कोणतंही असो, दुकानात बोलणं सुरू होतं ते वजनावर आणि भावावर. खरं तर पहिला प्रश्न एकच असायला हवा: हा खडा पाणी पितो का? त्याचं उत्तर मिळालं की वजन किती धरायचं, कोंदण कसं करायचं, पूजेला काय चालेल आणि हळदीच्या दिवशी अंगठी बोटात ठेवायची की नाही, हे सगळं आपोआप ठरत जातं.

ओपल म्हणजे सिलिका आणि पाणी. वाळूतही सिलिकाच असते, पण तिथे ती स्फटिकरूपात असते, ओपलमध्ये नसते. मौल्यवान ओपलमध्ये सिलिकेचे अतिसूक्ष्म गोळे एकसारख्या आकाराचे आणि डब्यात थर लावून रचलेल्या लाडवांसारखे ओळीने बसलेले असतात. हे गोळे साधारण १५० ते ३०० नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या दीड ते तीन पट. त्यांच्यामधल्या फटींतून प्रकाश वळतो आणि त्याचे रंग सुटे होतात. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही रचना पाहिली, तेव्हा रंगांचं कोडं सुटलं. गोळे लहान असतील तर निळा-जांभळा एवढेच रंग दिसतात. लाल दिसायला गोळे मोठे आणि रचना पक्की लागते. म्हणून लाल झाक असलेला ओपल महाग, आणि असा खडा फिरवला की हिरवा-निळाही दाखवतो. निळा खडा कितीही फिरवा, लाल दाखवणार नाही. गोळे वेडेवाकडे आणि लहानमोठे असतील तर खेळ नाहीच, नुसता दुधी खडा. 'सफेद ओपल' म्हणून स्वस्तात मिळणारे बरेच खडे असे असतात. ते खोटे नसतात, पण रंगांच्या ओपलचा भाव त्यांना देऊ नये.

आता पाण्याविषयी. ऑस्ट्रेलियाच्या कूबर पीडी, लाइटनिंग रिज या भागांतले ओपल गाळाच्या खडकातले. त्यांच्यात पाणी असतं, पण ते आतच बंदिस्त असतं. वरून ओतलेलं पाणी ते सहसा घेत नाहीत. इथिओपियाच्या वोलो प्रांतात २००८ मध्ये वेगेल तेना गावाजवळ ज्वालामुखीच्या खडकात ओपल सापडला आणि तो जयपूरच्या कारागिरांकडे पैलूकामाला येऊ लागला. आज आपल्याकडच्या दुकानांत जो चमकदार, भरपूर रंगांचा आणि तरी परवडणारा ओपल दिसतो, तो बहुतेक हाच. त्याच्या अंगात बारीक छिद्रांचं जाळं असतं. पाण्यात टाकला की तो पाणी ओढून घेतो, काचेसारखा आरपार होतो, रंग फिके पडतात किंवा पार नाहीसे होतात. सुकला की सहसा पूर्ववत होतो, पण त्याला काही दिवस लागतात. अशा ओपलला व्यापारात हायड्रोफेन म्हणतात. इथिओपियाचा प्रत्येक खडा असा नसतो, आणि असे खडे मेक्सिको-ब्राझीलमधूनही निघतात. त्यामुळे नुसतं देशाचं नाव ऐकून भागत नाही.

तपासणी सोपी आहे. दुकानदाराची परवानगी घ्या आणि सुट्या, कोरड्या खड्याच्या पाठीवर स्वच्छ पाण्याचा एक बारीक थेंब ठेवा. न शोषणाऱ्या खड्यावर थेंब तसाच फुगून बसतो, पुसला की गेला. हायड्रोफेनवर तो पसरतो, हळूहळू आत जातो आणि तेवढ्या जागी काचेसारखा डाग दिसतो. थेंब एकच ठेवायचा, खडा बुडवायचा नाही. जुने जाणकार खड्याची पाठ जिभेला लावून पाहतात, कारण छिद्रांचा खडा किंचित चिकटतो. एकाच उत्तरावर थांबू नका, दोन-तीन खड्यांवर हेच करून पाहा, म्हणजे फरक नजरेत बसेल.

पाणी पिणारा ओपल वाईट असतो असं अजिबात नाही. माझ्या मते तेवढ्याच पैशात इतके रंग दुसऱ्या कोणत्याही खड्यात मिळत नाहीत. फक्त तो तसा आहे हे माहीत असलं पाहिजे, आणि ते सांगणं विकणाऱ्याचं काम आहे.

पहिला परिणाम वजनावर. असा खडा हवेतली ओलही घेतो. पावसाळ्यात महाबळेश्वरच्या धुक्यात आणि वैशाखात आटपाडीच्या कोरड्या उन्हात त्याचं वजन तंतोतंत एक येणार नाही. हा फरक किरकोळ असतो. पण खडा पाण्याच्या वाटीतून काढून, पुसून लगेच काट्यावर ठेवला, तर पाण्याचेही पैसे भरावे लागतात. प्रमाणपत्रावरच्या वजनाशी थोडा फरक दिसला म्हणून लगेच फसवणूक समजू नका. मात्र वाटीतला खडा कधीही त्याच दिवशी घेऊ नका. पाणी आणखी एक गोष्ट लपवतं, ती म्हणजे तडे. ओपलमधलं पाणी उडालं की काही खड्यांना कोळ्याच्या जाळीसारखे बारीक तडे जातात, आणि खडा ओला असताना ते दिसत नाहीत. दोन-तीन आठवडे कोरड्या कापसात ठेवलेला, तरीही न तडकलेला खडा हाच भरवशाचा. तेवढं थांबणं शक्य नसेल तर 'अमुक दिवसांत तडा गेला तर बदलून देऊ' एवढं बिलावर लिहून घ्या. तडे पाहायचे ते दहापटीच्या भिंगाने, प्रकाश बाजूने तिरका टाकून. समोरून उजेड टाकला तर रंगांच्या चमचमाटात ते सुटतात.

दुसरा परिणाम पूजेवर, आणि याबद्दल दुकानात सहसा कुणी बोलत नाही. अंगठी घालण्याआधी ती शुक्रवारी कच्च्या दुधात, मधात, गंगाजलात किंवा पंचामृतात ठेवायला सांगितलं जातं. पाणी न पिणाऱ्या सलग खड्याला थोडा वेळ तसं ठेवून, लगेच साध्या पाण्याने धुऊन पुसलं तर फारसा धोका नाही. हायड्रोफेनला मात्र हे करू नका. तो रात्रभर दुधात राहिला तर सकाळी पारदर्शक, रंगहीन खडा हातात येतो आणि घरात घबराट होते. पुढे तो सुकला तरी मधाचा, दुधाचा अंश आत आणि कोंदणाच्या फटीत राहून पिवळसर झाक किंवा वास येऊ शकतो. अंगठी पाटावर ठेवून फूल-अक्षता वाहा, फार तर कड्याला दुधाचं बोट लावा. गुरुजींना आधी कारण सांगितलं तर कुणी हरकत घेत नाही.

हळदीचं तर सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, इथल्या हवेतच ती असते. हळदीतला पिवळा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो. हळदी समारंभात हळदीत तेल मिसळून ती अंगाला लावतात, आणि ते तेल रंगासकट सच्छिद्र खड्यात शिरू शकतं. वर साबणाने हात धुतले की क्षारामुळे हळद लालसर होते. म्हणजे पिवळा डाग घालवायला गेलो आणि तांबूस डाग घेऊन आलो. नवऱ्या मुलीच्या बोटात, नवरदेवाच्या बोटात, हळद लावणाऱ्या मावशी-आत्यांच्या बोटात ओपल असेल तर तो आदल्या रात्रीच डब्यात जाऊ द्या. हळद बाजारात किंवा अडतीवर काम करणाऱ्यांनी आणि रोज फोडणीला उभं राहणाऱ्यांनी अंगठीऐवजी लॉकेट किंवा कुड्या घ्याव्यात असं मी आग्रहाने सांगेन. अत्तर, खोबरेल, मेंदी, केसांचा रंग यांनाही हेच लागू. तेल लागलंच तर त्यावर दुसरं रसायन ओतू नका. मऊ कोरड्या कापडाने टिपून खडा मोकळ्या हवेत ठेवा आणि खड्यांच्या जाणकाराला दाखवा.

छिद्रं असली की रंग भरताही येतो, म्हणून काळ्या इथिओपियन ओपलकडे सावधपणे पाहायचं. लाइटनिंग रिजचा नैसर्गिक काळा ओपल हा या कुळातला सर्वांत महागड्यांपैकी. इथिओपियातही थोडे नैसर्गिक गडद खडे निघतात. पण स्वस्तात मिळणारे काळे, गर्द निळे, जांभळे, गुलाबी बहुतेक करून रंगवलेले किंवा धुरात तापवून काळे केलेले असतात. भिंगातून खड्ड्यांशी, तड्यांशी आणि कडेशी रंग जास्त साचलेला दिसतो, धुरावलेल्या खड्यात मिरपुडीसारखे ठिपके दिसतात, आणि एखादा टवका उडाला असेल तर आत फिकट अंग उघडं पडतं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अँडामूकाच्या काही ओपलवर साखरेच्या पाकाची आणि आम्लाची प्रक्रिया करून तो काळा करतात, आणि ही पद्धत तिकडे उघडपणे सांगून वापरली जाते. प्रक्रिया केलेला खडा घेण्यात काही गैर नाही, तो नैसर्गिक काळ्याच्या भावात घेण्यात आहे.

थराचे खडे हा वेगळा मामला. डबलेट म्हणजे खाली काळा तळ आणि वर ओपलची पातळ चकती, गोंदाने जोडलेली. ट्रिप्लेटमध्ये त्यावर काचेची किंवा स्फटिकाची घुमटी बसवतात, आणि ओपलचा थर कधीकधी कागदाइतका पातळ असतो. दोन्हींत रंग झकास दिसतात. ओळखायचं ते बाजूने पाहून. खडा उजेडाकडे आडवा धरा. डबलेटच्या कडेला सरळ, रेघ मारल्यासारखी सीमा दिसते, ट्रिप्लेटमध्ये वरची घुमटी रंगहीन आणि काचेसारखी दिसते. क्वीन्सलंडच्या बोल्डर ओपलमध्येही खाली तपकिरी लोहखडक असतो, पण तिथली सीमा निसर्गाने आखलेली, वाकडीतिकडी असते, आणि तो खडा अस्सल एकसंध मानला जातो. कोंदण पाठीमागून बंद असेल तर यातलं काहीच कळत नाही. म्हणून खडा सुटा पाहा, मगच बसवायला द्या. तयार अंगठीत बंद पाठीचा ओपल असेल आणि दुकानदार लिहून द्यायला तयार नसेल, तर तो डबलेट समजूनच भाव करा. थराचा खडा पाण्यात भिजत राहिला की गोंद सुटतो आणि कडेकडून धुरकट पांढरेपणा आत सरकत जातो. तो परत निघत नाही.

प्रयोगशाळेत बनवलेला ओपल १९७४ पासून बाजारात आहे, पिएर गिल्सन यांनी तो आणला. रासायनिकदृष्ट्या तो ओपलच्या अगदी जवळचा, आणि दिसायला फार देखणा, किंबहुना अति देखणा. भिंगातून रंगाच्या प्रत्येक तुकड्यात सापाच्या किंवा सरड्याच्या कातडीसारखी बारीक खवल्यांची जाळी दिसते, आणि बाजूने पाहिलं तर रंगाचे उभे खांब वरपासून तळापर्यंत गेलेले दिसतात. नैसर्गिक खड्यात तुकड्यांच्या कडा विरघळलेल्या, आकार बेशिस्त, मध्येच एखादी रंगहीन राखी रेघ. एक अपवाद लक्षात ठेवा: इथिओपियन खड्यातही कधीकधी मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी नक्षी आणि बोटांसारखे उभे स्तंभ येतात. म्हणून नुसत्या नक्षीवर निकाल देऊ नका, थेंबाची चाचणी आणि भिंग दोन्ही वापरा. 'ओपलाइट' नावाने विकली जाणारी वस्तू तर चक्क काच आहे. काळ्यावर ठेवली की निळसर, उजेडासमोर धरली की नारिंगी, आत कुठे कुठे बुडबुडे, आणि रंगांचे तुकडे अजिबात नाहीत. हाताला कोमट आणि आकाराच्या मानाने फारच हलका लागला, तर प्लास्टिक.

खड्याचे रंग पाहायला दुकानातला पिवळा दिवा आणि काळा ट्रे या दोन गोष्टी दूर करा. त्या दोन्हींत कोणताही ओपल रूपवान दिसतो. खडा दोन बोटांच्या मध्ये, हाताच्या पाठीवर ठेवा, दाराशी या, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात हातभर अंतरावरून पाहा. मग जागच्या जागी पूर्ण एक फेरा फिरवा. काही खडे एकाच कोनात पेटतात आणि बाकी सगळीकडून विझलेले असतात. लॉकेटला एक वेळ चालेल, अंगठीला नाही, कारण बोट सतत फिरतं. मोठे, सलग पट्टे बारीक ठिपक्यांपेक्षा किमती, लाल-नारिंगी निळ्या-हिरव्यापेक्षा किमती, गडद अंग फिकट अंगापेक्षा किमती. पण रोज वापरायचा असेल तर मला हिरव्या-निळ्याचा, सगळ्या कोनांतून जिवंत राहणारा खडा एका बाजूने लाल दिसणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा वाटतो.

मापात नेमकेपणा ठेवा. रत्तीत बोलू नका, कॅरेटमध्ये बोला. सोनाराची जुनी रत्ती साधारण १२१ मिलिग्रॅमची, तर खड्यांच्या दुकानातली रत्ती सुमारे १८२ मिलिग्रॅमची, म्हणजे ०.९१ कॅरेटची धरतात. पाच रत्तीचा खडा एका हिशोबाने तीन कॅरेटचा होतो, दुसऱ्याने साडेचार. कॅरेट मात्र सगळीकडे २०० मिलिग्रॅमचाच. वजनासोबत लांबी, रुंदी आणि उंची मिलिमीटरमध्ये घ्या. १० बाय ८ मिलिमीटरचा, ४ मिलिमीटर उंचीचा घुमटी खडा साधारण दीड कॅरेटचा भरतो. तोच खाली पोट सोडून ७ मिलिमीटर उंच ठेवला तर अडीचच्या पुढे जातो. वरून दोन्ही सारखेच दिसतात. ते पोट कोंदणात लपतं, पैसे मात्र त्याचेही पडतात. उलट फार पातळ, अडीच मिलिमीटरच्या आतला खडा अंगठीत टिकत नाही, आणि धारदार कडेचा तर बसवतानाच टवका उडतो.

ओपलचा कठीणपणा, खनिजांसाठी वापरल्या जाणाऱ्या एक ते दहाच्या मोहस मापावर, साडेपाच ते साडेसहा. घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, ते सातचे. म्हणून कोरड्या धुळीवर कापड घासलं की दर वेळी एक ओरखडा. आधी फुंकर, मग मऊ ब्रश, मग ओलसर कापड. भांडी घासताना, शेतात, गाडीची किक मारताना अंगठी काढायचीच. कोंदण चौफेर पट्टीचं असावं, चार दातांच्या पकडीत कडा उघड्या राहतात. पत्रिकेसाठी घेणाऱ्यांना खड्याचा बोटाला स्पर्श हवा असतो, म्हणून पाठ उघडी ठेवतात. हायड्रोफेनला तिथूनच घाम आणि साबण मिळतो. स्पर्श हवा असेल तर पाठीला सगळी मोकळीक देण्याऐवजी मध्ये लहानसं भोक ठेवायला सांगा, आणि हात धुताना अंगठी काढण्याची सवय लावा.

कारागिराला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. खडा शेवटी बसवायचा, म्हणजे झाळायचं काम, तेजाबातली धुलाई आणि पॉलिश सगळं उरकल्यावर. आणि पुढे माप वाढवायचं किंवा कमी करायचं असेल तर खडा आधी काढायचा. ज्योतीची आच ओपलला सहन होत नाही, आतलं पाणी तापून खडा तडकतो. अंगठी धुण्याचं अल्ट्रासॉनिक यंत्र आणि वाफेची सफाई या दोन्हींना नाही म्हणा. चांदीची अंगठी काळी पडली तर चिंच, रिठा, टूथपेस्ट किंवा उजाळा देणारं द्रावण खड्याजवळ नेऊ नका. कडं तेवढं कोरड्या कापडाने घासा. ऱ्होडियमचा मुलामा दिलेली चांदी घेतली तर हा त्रास बराच कमी होतो.

सोन्यात करणार असाल तर बिल नीट वाचा. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, सक्तीचा आहे, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. पण तो फक्त सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याबद्दल एक शब्दही नाही. एकूण वजन, खड्याचं वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं लिहिलेलं हवं. पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम. खडा वजा केला नाही तर एक ग्रॅम सोन्याचे पैसे खड्याला दिले जातात, वर त्यावर घडणावळ. खड्याच्या ओळीत 'नैसर्गिक ओपल, एकसंध' किंवा 'डबलेट', 'प्रक्रिया केलेला', 'पाणी शोषणारा' जे असेल ते लिहून घ्या. किंमत मोठी असेल तर जयपूरची आयआयजीजे-आरएलसी (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी), मुंबईतली जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, आयजीआय किंवा जीआयए यांचा अहवाल मागा, आणि त्यात प्रक्रियेचा रकाना आधी वाचा. दुकानाने छापलेलं चकचकीत कार्ड म्हणजे अहवाल नव्हे. आणि हेही धरून चाला की सोन्याची मोड येते, ओपलची येत नाही.

ठेवण्याबद्दल इतकंच: ओपल पाण्यात किंवा तेलात ठेवायची गरज नाही. हायड्रोफेनला आणि थराच्या खड्याला तर ते घातकच. भिजलेला हायड्रोफेन उन्हात, तांदळात किंवा केस वाळवायच्या यंत्रासमोर वाळवू नका. सुती कापडावर, सावलीत, चार-सहा दिवस, आणि मध्ये उचलून बघत बसू नका. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवताना डबीतली सिलिका जेलची पुडी काढून टाका. ऑस्ट्रेलियन एकसंध खडा वर्षानुवर्षं पडून राहणार असेल तर झिपच्या पिशवीत किंचित ओलसर कापसासोबत, इथिओपियन असेल तर कोरड्या कापसासोबत. आणि हिऱ्याच्या, माणकाच्या दागिन्यांना तो त्याच डबीत टेकू देऊ नका.